मेमरी फुल

३२ जीबीचा टॅब घेतला म्हणजे ३२ जीबी जागा हाती आली, असं होत नाही. अँड्रॉइड आणि कंपनीने आधीच भरून दिलेली ॲप्स यांनीच दहा-बारा जीबी पहिल्या दिवसापासून अडवलेले असतात. उरलेल्या जागेत व्हॉट्सॲप, यूट्यूब, बँकेचं ॲप, भजनांच्या फायली आणि फोटो. सांगलीच्या गावभागात राहणाऱ्या माझ्या मावशीचा टॅब भरत भरत अशा थराला आला, की नातवाशी व्हिडिओ कॉल लावला की चित्र गोठायचं, बँकेचं ॲप अपडेट होईना आणि पडद्यावर जागा संपल्याची सूचना वरचेवर येत राहायची. मावशीच्या भाषेत सांगायचं तर, "मेमरी फुल झालीय गं, तेवढं काय नको ते उडव की."

‘नको ते’ ठरवायचं कसं, हाच या कामातला खरा भाग आहे. बहुतेक लोक गॅलरी उघडतात आणि वरच्या फोटोपासून सुरुवात करतात. पाचव्या-सहाव्या फोटोवर एखादं लग्न लागतं, मग कोण कुठे उभं आहे ते बघण्यात वेळ जातो आणि शेवटी पाच-दहा हललेले फोटो काढून टाकून टॅब बाजूला ठेवला जातो. जागा मात्र होती तेवढीच राहते. कारण जागा फोटोंनी खाल्लेली नसतेच फारशी. टॅबच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो दोन-तीन एमबीचा, व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो तर जेमतेम शे-दोनशे केबीचा. फुल एचडीमध्ये काढलेला एक मिनिटाचा व्हिडिओ मात्र शंभर-सव्वाशे एमबी घेतो. व्हॉट्सॲपवर फिरणारे व्हिडिओ दाबून लहान केलेले असले, तरी त्यातले कित्येक दहा-पंधरा एमबीचे असतात. असा एक व्हिडिओ उडवला तर जवळजवळ शंभर फोटोंची जागा मोकळी होते. म्हणून आधी सेटिंग्जमधलं स्टोरेजचं पान उघडायचं आणि कुणी किती जागा धरली आहे ते बघायचं. मावशीच्या टॅबवर व्हॉट्सॲपची पट्टी बाकी सगळ्या पट्ट्यांपेक्षा लांब होती.

त्याच्याही आधीचं एक काम आहे, आणि घाईत तेच राहून जातं. काहीही काढायच्या आधी सगळं उतरवून घ्यायचं. टॅब केबलने लॅपटॉपला जोडला, कॅमेऱ्याचं आणि व्हॉट्सॲपचं अशी दोन्ही फोल्डर्स जशीच्या तशी हार्ड डिस्कवर घेतली, दोन्हीकडच्या फायलींची संख्या ताडून पाहिली आणि मधूनमधून पाच-पंचवीस फोटो उघडून ते खरंच उघडतात ना, तेही बघितलं. कॉपी अर्ध्यात तुटली तरी फायलींची नावं दिसतात आणि आत काहीच नसतं, असं होऊ शकतं. या कामाला तासभर लागला, पण त्यानंतर हात मोकळा झाला. डिलीटच्या बटणावर बोट ठेवताना मावशीच्या चेहऱ्यावर जी धास्ती होती, तीही कमी झाली.

मग व्हॉट्सॲप. त्याच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज आवरण्याचं एक पान आहे. पाच एमबीपेक्षा मोठ्या फायली आणि बऱ्याच वेळा फॉरवर्ड झालेल्या फायली तिथे वेगळ्या काढून दाखवतात. ही सोय कंपनीने २०२० च्या अखेरीस आणली आणि मला ती फार उपयोगाची वाटते, कारण पुष्कळ वेळा फॉरवर्ड झालेल्या गोष्टीत आपलं स्वतःचं असं जवळजवळ काही नसतं. कीर्तनाचे तुकडे, गुडघेदुखीवरचे उपाय, कुठल्याशा वळणावर उलटलेला ट्रक, लष्कराची परेड. मावशी शेजारी बसून "हे जाऊ दे, हेही जाऊ दे" म्हणत होती. एका प्रवचनावर मात्र ती थांबली. मी ते यूट्यूबवर शोधून दाखवलं, तेव्हा तेही गेलं.

सुप्रभातची चित्रं हा तर स्वतंत्र विषय आहे. गूगलने डिसेंबर २०१७ मध्ये फोनमधली अडगळ काढणारं ‘फाइल्स गो’ हे ॲप आणलं आणि पुढच्याच महिन्यात ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने बातमी दिली, की भारतातले फोन सकाळच्या शुभेच्छांच्या चित्रांनी भरून जात आहेत. बातमी वाचून तेव्हा पुष्कळ लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मावशीच्या पिढीतल्या, एकट्या राहणाऱ्या बायकांसाठी सकाळचं ते फूल म्हणजे "मी उठले, बरी आहे" एवढा निरोप असतो. एखाद्या दिवशी फूल आलं नाही की फोन जातो. पण निरोप पोचला की चित्राचं काम संपलं. ते सहा वर्षं टॅबमध्ये ठेवायला नको, हे मावशीलाही पटलं. एका चित्रावर बोट दाबून धरायचं आणि तसंच खाली ओढत न्यायचं, की रांगाच्या रांगा निवडल्या जातात. अधूनमधून त्या रांगेत एखादा घरचा फोटो अडकलेला असतो, त्यावर नजर ठेवावी लागते.

स्क्रीनशॉटचंही तसंच. गॅस बुकिंगचा नंबर, रेल्वेचं जुनं तिकीट, डॉक्टरांची वेळ, लसीचं प्रमाणपत्र. काम झालं की यातल्या बहुतेकांचं मोल संपतं. पाककृतींचे स्क्रीनशॉट मात्र मावशी सोडायला तयार नव्हती. तिने वही आणली आणि ज्या खरोखर करायच्या होत्या तेवढ्या उतरवून घेतल्या. उतरवताना लक्षात आलं, की एकच मसाला तिने चार वेगवेगळ्या वेळी साठवून ठेवला होता.

इथपर्यंत काम भराभर झालं. पुढे ऑगस्ट २०१९ लागला.

त्या महिन्यात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी ४५ फुटांची. गावभागातल्या घरांचे तळमजले पाण्यात होते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या चित्राच्या फायलीच्या नावातच आधी वर्ष, महिना आणि तारीख असते आणि पुढे ‘डब्ल्यूए’ या अक्षरांनंतर त्या दिवसाचा अनुक्रमांक. त्या आठवड्यातले अनुक्रमांक इतर दिवसांच्या कितीतरी पट वर गेलेले दिसले. पुलाचा तोच व्हिडिओ वेगवेगळ्या ग्रुपवरून पुन्हा पुन्हा आलेला होता. काही फोटो तर सांगलीचे नव्हतेच. आदल्या वर्षीच्या केरळच्या पुराचे फोटोही सांगलीचे म्हणून फिरत होते, त्यातले एक-दोन मावशीच्या टॅबवर होते. हे सगळं काढून टाकायला हरकत नव्हती. पण त्याच गर्दीत मावशीच्या घराचे फोटो होते. भिंतीवर उमटलेली पाण्याची रेघ, फुगलेलं कपाट, ओसरीतला चिखल, पंचनाम्यासाठी शेजारच्या मुलाने काढून पाठवलेले. सगळे शंभर-दीडशे केबीचे, अंधारात काढलेले, हललेले. आकाराप्रमाणे लावले तर यादीत अगदी तळाशी, आणि तारखेप्रमाणे लावले तर फॉरवर्डच्या मधोमध.

तिथे आम्ही वेग सोडला. एकेक फोटो पूर्ण पडद्यावर उघडायचा, मावशीने बघायचं, मग पुढे. रेघेचे तीन फोटो होते. मी म्हटलं, एक ठेवू. मावशी म्हणाली, "तिन्ही ठेव. ही स्वयंपाकघरातली, ही देवघरातली, ही जिन्यापाशी. तिन्हीची उंची वेगळी दिसते बघ." ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्या पुरात घरातले तिन्ही जुने अल्बम गेले. काळ्या जाड पानांचे, कोपऱ्यांत अडकवलेल्या कृष्णधवल फोटोंचे. ओले फोटो एकमेकांना चिकटले आणि सोडवताना चेहरेच निघून आले. पण पुराच्या आदल्या वर्षी घरात एक मुंज झाली होती. तेव्हा माझ्या मामेबहिणीने हौसेने अल्बमची पानं फोनवर टिपून घरच्या ग्रुपवर टाकली होती. तिचा तो फोन पुढे बिघडला. म्हणजे आजी-आजोबांचे, मावशीच्या लग्नाचे, मिरजेच्या जुन्या घराचे जे काही फोटो आज उरले आहेत, ते या टॅबमधल्या व्हॉट्सॲपच्या फोल्डरात आहेत. फोटोचा फोटो, तोही दाबून लहान केलेला. काहींवर ट्यूबलाइटचा चट्टा पडला आहे, काही तिरके आहेत.

आणि नेमके हेच फोटो यंत्राला नकोसे वाटतात. मावशीच्या गूगल खात्यावर कुणीतरी व्हॉट्सॲपचं फोल्डरही बॅकअपला लावून ठेवलं होतं, त्यामुळे खात्याचे फुकटचे १५ जीबीही भरत आले होते. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजवरची अमर्याद फुकट साठवण बंद झाली, तेव्हापासून हे अनेकांचं होतं. जागा आवरायला गेलं की गूगल फोटोज मोठे व्हिडिओ, स्क्रीनशॉट, अस्पष्ट फोटो असे गट करून देतं. अस्पष्ट फोटोंच्या गटात खिशात दाबल्या गेलेल्या कॅमेऱ्याचे फोटो होते, हललेल्या रांगोळ्या होत्या, आणि आजीचा एकुलता एक तरुणपणीचा फोटो होता. सगळे निवडून एका बटणात डिलीट करायची सोय वरच दिलेली होती. यंत्राची यात चूक म्हणता येणार नाही. कडा स्पष्ट आहेत की नाहीत एवढंच त्याला मोजता येतं. म्हणून माझं ठाम मत झालं आहे, की आकाराप्रमाणे लावणं, एकसारख्या फायली शोधणं, तारखा जुळवणं हे यंत्राकडून खुशाल करून घ्यावं, पण शेवटचं बोट ज्याचे फोटो आहेत त्याचंच असावं. मुलांनी आई-वडिलांचा टॅब हातात घेऊन दहा मिनिटांत ‘साफ’ करून देणं मला भीतीदायक वाटतं.

एकाच फोटोच्या दोन-तीन प्रती असतील तर कोणती ठेवायची, याला एक नियम आहे. तपशील उघडून पिक्सेलची संख्या बघायची, जास्त असेल ती ठेवायची. कॅमेऱ्यातून थेट आलेली प्रत असेल तर तीच, कारण फोटो काढल्याची तारीख-वेळ त्या फायलीत लिहिलेली असते. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून पाठवला की ती माहिती गळून पडते आणि मागे उरते ती फक्त तो मिळाल्याची तारीख. अल्बमच्या फोटोंना तर तीही उपयोगाची नाही. मुंजीच्या दिवसाच्या तारखेखाली पन्नास-साठ वर्षांपूर्वीची माणसं बसलेली असतात. म्हणून आम्ही ते फोटो वेगळ्या फोल्डरात घेतले, त्यांना क्रमांक दिले आणि पाककृतींच्याच वहीत मागच्या पानापासून मावशीने लिहायला घेतलं. क्रमांक, कोण, कुठे, साधारण केव्हा. एका फोटोला कधी एक ओळ पुरली, कधी अर्धं पान लागलं. दुपार त्यातच गेली आणि जागा त्यातून एक केबीसुद्धा मोकळी झाली नाही.

डिलीट केल्यावरही जागा लगेच मोकळी झालेली दिसली नाही, तेव्हा मावशी खट्टू झाली. गूगल फोटोजमधून काढलेली चित्रं आधी ट्रॅशमध्ये जातात. बॅकअप झालेली असतील तर ६० दिवस, नसतील तर ३० दिवस तिथे राहतात. ट्रॅश रिकामा केला की जागा सुटते. दुसरं असं, की तिथे बॅकअप झालेला फोटो डिलीट केला तर तो टॅबवरूनही जातो आणि खात्यावरूनही जातो. फक्त टॅबवरची प्रत काढायची असेल तर ‘जागा मोकळी करा’ हा वेगळा पर्याय आहे. या दोन्हींतला फरक प्रत्येकाला एकदा बसून समजावून सांगायला हवा. फोटो ‘आपोआप’ गेल्याच्या तक्रारी पुष्कळदा इथूनच येतात.

जागा सुटल्यावर टॅब हलका का चालू लागला, हे मावशीने विचारलं. फाइल काढली तरी आतल्या चिपवरचा मजकूर तत्क्षणी पुसला जात नाही, ती जागा वापरायला मोकळी आहे एवढीच नोंद होते. या चिपवर जुन्यावर नवं लिहिता येत नाही. आधी अख्खा ठोकळा पुसावा लागतो आणि त्यातलं हवं ते आधी दुसरीकडे हलवावं लागतं. टॅब काठोकाठ भरला की हलवायला जागाच नसते, मग साधं काम करतानाही तो अडखळतो. खच्चून भरलेल्या माळ्यावरून एक डबा काढायला चार डबे आधी खाली उतरवावे लागतात, तसं. म्हणून चार-पाच जीबी कायम रिकामे ठेवायचे, असं आम्ही ठरवलं.

व्हॉट्सॲपचं आपोआप डाउनलोड बंद केलं. आता चित्र धूसर दिसतं आणि बोट लावलं तरच उतरतं. पहिले दोन दिवस मावशीला ते जड गेलं, सगळे तिच्यावर रुसले आहेत की काय असं वाटलं म्हणे. नंतर सवय झाली. व्हॉट्सॲपचं फोल्डर बॅकअपमधून काढलं आणि अल्बमचं फोल्डर घातलं. जुलै २०२१ मध्ये सांगलीत पुन्हा पाणी चढलं होतं, तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटात काहीही एकुलतं एक ठेवायचं नाही हे मावशीला कुणी सांगायला नको होतं. अल्बमच्या फोटोंचा एक पेनड्राइव्ह पुण्याला मावसबहिणीकडे गेला, एक वरच्या मजल्यावर राहिला. वहीच्या त्या पानांचेही फोटो काढून सोबत दिले.

क्रमांकांपुढे सगळी नावं भरली गेलेली नाहीत. मिरजेच्या घराच्या ओसरीत आजीशेजारी नऊवारीतल्या दोन बायका उभ्या आहेत, त्यांच्यातली एक मावशीला ओळखू येत नाही. तिच्यापेक्षा मोठी बहीण इचलकरंजीला असते. रविवारी तिला तो फोटो पाठवायचा आणि फोन करायचा, असं ठरलं आहे. या वेळी डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, म्हणजे तो आणखी लहान होणार नाही.