चिंचवडचे देव : एका आडनांवाची कुळकथा

आमच्यांतील आडनांवें बहुधा गांवावरून किंवा वृत्तीवरून पडलेलीं आहेत. कुळकर्णी, जोशी, पाठक यांचा उलगडा कोणीहि करील. परंतु ‘देव’ हें आडनांव एखाद्या कुळास कसें चिकटलें, याचा विचार आपण सहसा करीत नाहीं. पवनेच्या कांठीं, आज कारखान्यांच्या गजबजाटांत वसलेल्या चिंचवडास या आडनांवाचें एक जुनें घराणें आहे.

त्याचे मूळपुरुष मोरया गोसावी. परंपरेप्रमाणें त्यांचे वडील वामनभट शाळिग्राम हे बीदरकडील राहणारे. अर्थात् मूळ आडनांव शाळिग्राम. मोरया गोसाव्यांचे पुत्र चिंतामणि महाराज यांच्या ठिकाणीं देहूच्या तुकोबांना प्रत्यक्ष गजानन दिसला, त्यांनीं ‘देव’ म्हणून हांक मारली, आणि तेव्हांपासून कुळाचें तेंच नांव झालें, अशी आख्यायिका आहे.

आख्यायिका गोड खरी. पण सालांशीं ताडून पाहिली कीं अडचण पडते. मोरया गोसाव्यांनीं शके १४८३, म्हणजे इ. स. १५६१ मध्यें, समाधि घेतली असें संप्रदायांत मानतात. तुकोबांचा जन्म बहुतेक अभ्यासक १६०८ चा धरतात. म्हणजे तुकोबांची कीर्ति पसरली तोंवर चिंतामणि महाराज सत्तरी ओलांडलेले असले पाहिजेत. समाधिमंदिराच्या शिलालेखांत बांधकामाचें साल शके १५८० आहे; त्याच्या आधारें मोरया गोसाव्यांना सतराव्या शतकांत आणावें, तर तुकोबांसमोर चिंतामणि कोवळ्या वयाचे ठरतात! मला वाटतें, भक्तांच्या तोंडची हांक आधीं रूढ झाली असावी आणि तुकोबांचें नांव तिला मागाहून जोडलें गेलें असावें.

पुढें ही हांक नुसतें आडनांव न राहतां पदवी झाली. गजाननाचा अंश या वंशांत सात पिढ्या राहील, अशी भक्तांची श्रद्धा होती. ‘देवांची सून’ म्हटल्यास आपण दचकत नाहीं. इंग्रजांस मात्र हें नवलच वाटलें. १८०१ सालीं ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्यें एडवर्ड मूर यानें या ‘वंशपरंपरागत जिवंत देवा’वर निबंध छापला. १८०९ मध्यें मारिया ग्रॅहम ही बाई चिंचवडास आली, तेव्हां गादीवर एक लहान मुलगा होता. पुढच्याच वर्षीं धरणीधर देव निःसंतान वारले आणि सातांची परंपरा सरली.

गादीस इनामगांवें होतीं. तेव्हां वारसाचा प्रश्न केवळ श्रद्धेचा राहिला नाहीं. दूरच्या नातलगास गादीवर बसविण्यांत आलें. देवत्वाची मुदत संपली, तरी ‘देव’ हें आडनांव मात्र कुळाकडे राहिलें.