जीटीओची तहान कशी भागवायची?

1967 ची पाँटिॲक जीटीओ म्हणजे 400 घनइंचांचं, साधारण 6.6 लिटरचं व्ही-8 इंजिन आणि कंपनीच्या कागदावर 335 अश्वशक्ती. मायलेज? हा प्रश्न तेव्हा कुणी विचारत नव्हतं. 1973 च्या तेलटंचाईनंतर मात्र सगळेच विचारू लागले.

ताकद कमी न करता पेट्रोल वाचवायचं तर पहिली नजर गिअरबॉक्सकडे. मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर 3.55 आणि टायर 27 इंची असेल, तर ताशी 110 किलोमीटरला इंजिन मिनिटाला तीन हजारांच्या आसपास फेरे घेतं. बिचारं उगाच घाम गाळतं! 0.67 चा ओव्हरड्राइव्ह असलेला गिअरबॉक्स बसवा, तेच फेरे दोन हजारांवर येतात. सिग्नलवरची उसळी तशीच राहते.

दुसरं, रॉचेस्टर क्वाड्राजेट कार्ब्युरेटर फेकू नका. त्याची पुढची दोन तोंडं लहान, मागची दोन प्रचंड. हलक्या पायाने चालवलंत तर फक्त लहान तोंडं पेट्रोल पितात. ॲक्सिलरेटर दाबलात की मागची उघडतात. माझ्या मते त्या काळातली ही सर्वांत हुशार रचना.

आणि डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूम ॲडव्हान्सची नळी काढून टाकणाऱ्यांना साष्टांग नमस्कार! एकसारख्या वेगात मिश्रण पातळ असतं, हळू जळतं, म्हणून ठिणगी लवकर पडावी लागते; ते या नळीमुळेच होतं. नळी काढली की मायलेज घसरतं, वर इंजिन तापतं. पूर्ण ॲक्सिलरेटरला तिचा काही अडथळाही नसतो.

तुमच्या गाडीची नळी जागेवर आहे का? आजच बॉनेट उघडून बघा.