फुलपाखरू नेमकं बसतं कधी?

कॅमेरा घेऊन फुलपाखरामागे धावणाऱ्याच्या पदरी बहुधा धूसर चित्रंच पडतात. त्याच्या संयुक्त डोळ्यांना बारकावे फारसे दिसत नसले, तरी हालचाल लगेच कळते. अंगावर पडलेली सावलीही त्याला उडवायला पुरते. म्हणून महागड्या लेन्सइतकीच त्याच्या दिनक्रमाची माहिती हवी.

फुलपाखरू शीतरक्ताचं. उडण्याचे स्नायू तापल्याखेरीज त्याला झेप घेता येत नाही. त्यामुळे सकाळच्या कोवळ्या उन्हात अनेक जाती पंख पसरून बसतात. पंखांची वरची बाजू टिपायची ती वेळ. ऊन चढल्यावर मिटलेल्या पंखांची खालची बाजू टिपावी. ओळख पटवायला दोन्ही लागतात. पश्चिम घाटातलं ब्लू ओकलीफ पंख मिटून बसलं, तर मधल्या शिरेसकट हुबेहूब वाळकं पान दिसतं. पंख उघडले की गडद निळं.

ओढ्याकाठची ओली वाळू हा दुसरा हुकमी ठिकाणा. फुलांच्या मधात सोडियम नगण्य असतं. ते मिळवायला मुख्यतः नर इथे चिखलपान करतात आणि मिलनाच्या वेळी त्यातला वाटा मादीला देतात. काही जातींचे नर सोंडेनं पाणी ओढत असतानाच मागून थेंब टाकत राहतात. क्षार ठेवायचे, पाणी सोडायचं! अशा वेळी जमिनीलगत हळूहळू सरकलं, तर बरंच जवळ जाता येतं.

मादी हवी असेल, तर खाद्यवनस्पतीजवळ थांबावं. कॉमन मॉरमॉन लिंबावर आणि कढीपत्त्यावर, प्लेन टायगर रुईवर अंडी घालते. त्याआधी मादी पुढच्या पायांनी पान चाचपून त्याची चव घेते. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये राज्य फुलपाखराचा मान दिलेल्या ब्लू मॉरमॉनच्या अळ्याही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात.

मॅक्रो लेन्सनं अगदी जवळून टिपताना जेमतेम काही मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. त्यामुळे कॅमेरा मिटलेल्या पंखांना समांतर धरावा. चित्रासाठी फुलपाखराला चिमटीत मात्र पकडू नये. पंखांवरचे निघालेले खवले पुन्हा येत नाहीत.

घरी आल्यावर तारीख आणि ठिकाण नोंदवून छायाचित्र ‘बटरफ्लाईज ऑफ इंडिया’ किंवा ‘आयनॅचरलिस्ट’वर जरूर द्या. कोणती जात कुठे आणि कधी दिसते, हे अभ्यासकांना अशाच नोंदींतून कळतं.