कापलेले दहा टक्के गेले कुठे?

महिन्याला सहा हजारांत रील्स एडिट करून द्यायचं ठरलं आणि खात्यात आले पाच हजार चारशे. अशा वेळी मित्रांच्या ग्रुपवर ठरलेलं उत्तर येतं, ‘टॅक्स कापला असेल रे, सोडून दे.’ सोडू नका. वर्षाचे ७,२०० रुपये होतात. त्यात दोनेक महिन्यांची मेस निघते.

कापलेली रक्कम म्हणजे टीडीएस. कंपनीने ती स्वतःकडे ठेवायची नसते, तुमच्या पॅनवर सरकारकडे जमा करायची असते. थोडक्यात, तुमच्या नावाने आधीच भरलेला टॅक्स. तुम्हाला खरंच किती टॅक्स बसतो, हे कंपनीला कुठून कळणार? २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नियम असा, की एका कंपनीकडून वर्षभरात मिळणारी प्रोफेशनल फी ५० हजारांच्या वर जाणार असेल तर १० टक्के कापायचे. त्याच वर्षासाठी नव्या करप्रणालीत पहिल्या ४ लाखांवर टॅक्स नाही आणि रिबेटमुळे १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरही तो शून्यावर येतो. म्हणजे कॉलेज सांभाळून ७२ हजार कमावणाऱ्याचा टॅक्स शून्य, तरी ७,२०० सरकारकडे पडून. ते आपोआप परत येत नाहीत. रिटर्न भरून मागावे लागतात.

इथेच गाडी अडते. ‘माझी कमाई ती केवढी, मी कशाला रिटर्न भरू?’ अहो, कमाई कमी आहे म्हणूनच भरायचा! उलट, उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं तर टॅक्स शून्य असला तरी रिटर्न भरावाच लागतो, हेही लक्षात असू द्या.

सुरुवात पैसे खरंच जमा झालेत का हे बघण्यापासून करा. इन्कम टॅक्सच्या ई-फायलिंग पोर्टलवर पॅन टाकून लॉगिन केलं की फॉर्म २६एएस आणि एआयएस दिसतात. कोणी किती पैसे दिले, किती कापले, सगळं तिथे असतं. कापलेली रक्कम दिसत नसेल तर एकतर कंपनीने अजून तिचं विवरणपत्र भरलेलं नाही किंवा पॅन चुकीचा टाकलाय. अकाउंट्स विभागाला मेल करून फॉर्म १६ए मागा. काम देणाऱ्या दादाला व्हॉट्सअॅप करून ‘बघतो’ एवढंच ऐकायला मिळतं. मेल मात्र पुरावा म्हणून राहतो.

पॅनच काढलेला नसेल तर १० ऐवजी २० टक्के कापले जातात. आधार असेल तर ई-पॅन पोर्टलवरच फुकट मिळतो. आणि कृपा करून कामाचे पैसे बाबांच्या खात्यात, बाबांच्या पॅनवर घेऊ नका. कष्ट तुमचे, पण कागदावर कमाई त्यांची दिसणार आणि टीडीएसही त्यांच्याच नावावर जाणार.

आता फॉर्म. पगारदारांचा आयटीआर-१ सोपा असतो, पण फ्रीलान्स कमाईला तो चालत नाही. ‘इंटर्नशिप’ म्हणून घेतलेल्यांनीही एआयएस बघावं. अनेक ठिकाणी नाव इंटर्नचं असतं आणि कागदोपत्री तुम्ही कन्सल्टंट! कोडिंगसारखं आयटीचं काम असेल तर आयटीआर-४ मधून अंदाजित उत्पन्नाची सोय घेता येते. मिळालेल्या रकमेच्या निम्मं उत्पन्न धरायचं, खर्चाच्या पावत्या जोडत बसायचं नाही. मात्र ही सोय ठरावीक व्यवसायांनाच आहे. त्या यादीत सिनेमाचा एडिटर आहे, रीलच्या एडिटरबद्दल यादी गप्प आहे. कंटेंट रायटर, अनुवादक यांचंही नाव नाही. अशांनी प्रत्यक्ष हिशेब ठेवून आयटीआर-३ भरायचा की दुसरी वाट आहे, हे पहिल्या वर्षी एकदा सीएला विचारावं. हिशेब ठेवणार असाल तर इंटरनेट, सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन यांचा कामापुरता भाग खर्चात धरता येतो. लॅपटॉपची मात्र पूर्ण किंमत एकदम नाही, दरवर्षी ४० टक्के दराने घसारा मिळतो.

परदेशी क्लायंटकडून डॉलर येतात तेव्हा सहसा टीडीएस कापलेला नसतो. त्यामुळे ती कमाई ‘टॅक्स-फ्री’ असल्याचा समज पसरलेला आहे. भारतात राहणाऱ्याला जगभरातली कमाई दाखवावी लागते. बँकेकडून पैसे आल्याची पावती मागून घ्या, इनव्हॉइससोबत एका फोल्डरमध्ये ठेवा. ओळखीच्या ताईंच्या केकच्या धंद्याचं इन्स्टाग्राम सांभाळत असाल तर त्याही टीडीएस कापणार नाहीत, पण ते यूपीआयवर आलेले दोन हजारही कमाईतच मोजायचे. जीएसटीची भीती मात्र इतक्यात नको. सेवा देणाऱ्यांसाठी साधारण मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे.

रिटर्न भरण्याआधी पोर्टलवर तुमचं बँक खातं व्हॅलिडेट करून ठेवा, रिफंड त्यातच येतो. आणि सबमिट केलं की काम संपलं असं नाही. ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करावं लागतं, तोवर तो रिटर्न धरला जात नाही. त्याचा ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो. तो नंबर गावी असलेल्या बाबांचा असेल, तर ते फोन उचलतील अशी वेळ बघूनच बसा.