तळ्याचे हिरवे पाणी आणि तळ्यातील मासे

तळ्याचे पाणी हिरवे का होते, असा प्रश्न मुले शिक्षकांना विचारतात. ‘शेवाळ वाढले म्हणून’ हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. शेवाळ कशावर वाढले आणि त्याला खाणारे कोणी उरले नाही काय, हे त्यापुढील प्रश्न होत.

सांडपाणी, शेण व शेतातील खत यांबरोबर स्फुरद आणि नत्र ही द्रव्ये तळ्यात येतात. पिकांप्रमाणेच शेवाळही त्यांवर पोसते. पाण्यातील सूक्ष्म शेवाळ जलपिसवा खातात. हे प्राणी टाचणीच्या डोक्याएवढे असतात. जलपिसवांना लहान मासे खातात व लहान माशांना शिकारी मासे. शिकारी मासे घटले की लहान मासे बळावतात, जलपिसवा संपतात आणि शेवाळ मोकाट वाढते. म्हणून लहान मासे काढून व शिकारी मासे सोडून पाणी निवळावे, हा विचार अमेरिकेतील शास्त्रज्ञ जोसेफ शपीरो व त्यांचे सहकारी यांनी १९७५ मध्ये मांडला.

फिनलंडमधील लाहती शहराजवळच्या वेसियार्वी सरोवराची हकीकत या दृष्टीने बोधप्रद आहे. शहराचे सांडपाणी तेथून १९७६ मध्ये दुसरीकडे वळविण्यात आले. तरीही पुढील दशकात विषारी नील-हरित शेवाळाचा थर येतच राहिला. १९८९ ते १९९३ या काळात तेथून सुमारे एक हजार टन मासे काढण्यात आले. त्यांत रोच जातीचे मासे पुष्कळ होते. पाइकपर्च हे शिकारी मासेही सोडण्यात आले. शेवाळ ओसरले व पाणी स्वच्छ दिसू लागले. नवल असे, की जलपिसवा मात्र फारशा वाढल्या नव्हत्या. रोच मासे तळाशी चरतात व त्यांच्या मलमूत्रातून स्फुरद पुन्हा पाण्यात येतो. ते घटल्याने शेवाळाचे अन्नच तुटले, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. फळ्यावरील साखळीपेक्षा निसर्गातील जाळे असे अधिक गुंतागुंतीचे असते.

यावरून गावच्या तळ्यात मासे सोडले की पाणी शुद्ध होईल, असा समज मात्र करून घेऊ नये. उष्ण प्रदेशात लहान मासे वारंवार प्रजनन करतात व मोठ्या जलपिसवा कमी आढळतात. त्यामुळे तेथे हा उपाय सहसा टिकत नाही. वेसियार्वीतही आधी सांडपाणी थांबवावे लागले. घाण येण्याचा मार्ग बंद करणे हेच पहिले काम होय.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. किंचित हिरवट पाणी दोन काचेच्या बरण्यांत घ्यावे. एकीत पातळ कापडाने गाळून मिळविलेल्या जलपिसवा सोडाव्यात. दोन्ही बरण्या सारख्याच उजेडात ठेवून मुलांनी रोज रंगाची नोंद करावी. ज्या पाण्यावर हिरवा, रंगासारखा दाट तवंग आला असेल, त्याला मुलांनी हात लावू नये व जनावरांनाही ते पाजू नये, एवढे शिक्षकांनी घरोघर पोहोचविले तरी या पाठाचे सार्थक होईल.