कथा वावरातली, सन्मान दिल्लीतला
राष्ट्रीय पुरस्कार, पत्रकारिता आणि बुलढाण्याचा पडदा

बुलढाणा जिल्ह्यात चिखलीहून खामगावकडे जाताना अमडापूर लागतं. बल्लाळदेवीचं गाव म्हणून पंचक्रोशीत त्याची ओळख आहे. भोवताली सोयाबीन, कापूस, तूर अशी कोरडवाहू पिकं आणि पावसाच्या भरवशावर चालणारा संसार. मराठी वाचकाला मात्र हे गाव आणखी एका कारणासाठी ठाऊक असायला हवं. ‘बारोमास’ लिहिणाऱ्या सदानंद देशमुखांचं हे जन्मगाव. २००२ साली ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि २००४ साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एम. ए., बी. एड. होऊनही संस्थाचालकाला द्यायला पैसे नाहीत म्हणून मास्तर होऊ न शकलेला एकनाथ तनपुरे, त्याचे वडील सुभानराव, भाऊ मधू, शहरी सुखाची आस असलेली बायको अलका ही माणसं वऱ्हाडातल्या कोणत्याही गावात भेटतील, इतकी खरी आहेत. पुढे धीरज मेश्राम यांनी याच कादंबरीवर हिंदी चित्रपट केला. त्यात सुब्रत दत्ता, सीमा बिस्वास यांच्यासारखे कसलेले नट होते.

म्हणजे या मातीची कथा आधी पुस्तकातून दिल्लीला गेली आणि मग पडद्यावर आली. इथून एक प्रश्न सुरू होतो. देशात चित्रपटांना, माहितीपटांना, वृत्तवाहिन्यांवरच्या आणि वर्तमानपत्रांतल्या पत्रकारितेला दरवर्षी राष्ट्रीय पातळीवर सन्मान दिले जातात. सत्तर वर्षांत त्या मंचावर शेतकरी, मजूर, खेड्यातली पोरं कितीदा तरी ‘विषय’ म्हणून आली. ज्यांची ती कथा होती, त्यांच्यापर्यंत तो चित्रपट किंवा ती बातमी परत किती पोचली?

पहिल्याच वर्षी जमिनीचा प्रश्न

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचा पहिला समारंभ १० ऑक्टोबर १९५४ रोजी दिल्लीत झाला. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते १९५३ सालच्या चित्रपटांचा गौरव झाला. सर्वोत्कृष्ट कथापटाचं सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळालं. वनमालाबाईंची आई आणि माधव वझे यांचा श्याम घेऊन आलेला मराठी चित्रपट देशात पहिला ठरला, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो आणि ती सांगण्याजोगीच आहे. माहितीपटाचं सुवर्णपदकही ‘महाबळेश्वर’ या चित्रपटाला, म्हणजे महाराष्ट्राच्याच एका ठिकाणाला मिळालं.

याच समारंभात गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालेल्या चित्रपटांत बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ होता, हे मात्र आपण विसरतो. जमीनदाराच्या कर्जापायी दोन बिघे जमीन हातची जाऊ नये म्हणून कलकत्त्यात हातरिक्षा ओढणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा. ‘श्यामची आई’तही श्यामच्या घरावर सावकाराचं कर्ज आहे आणि घरावर जप्ती येते. कर्ज आणि जमीन हे दोन्ही विषय पहिल्याच वर्षी मंचावर होते. साहित्य अकादमीचं उद्‌घाटनही त्याच १९५४ सालच्या मार्चमध्ये झालं. नव्या राष्ट्राने पुस्तक आणि चित्रपट या दोन्हींना एकाच वर्षी मान द्यायला सुरुवात केली.

सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मराठीला पुन्हा मिळायला पन्नास वर्षं लागली. संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ने २००३ सालच्या पुरस्कारांत ती कोंडी फोडली. मग २०११ सालासाठी उमेश कुलकर्णी यांच्या ‘देऊळ’ला (‘ब्यारी’ या चित्रपटासह विभागून), २०१४ साठी चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला आणि २०१६ साठी सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला सुवर्णकमळ मिळालं. याच काळात ग्रामीण महाराष्ट्रातून आलेल्या दिग्दर्शकांनी आपल्या गावची माणसं थेट मंचावर नेली. मंगेश हाडवळे यांच्या ‘टिंग्या’त बैल विकायला निघालेल्या बापाशी झगडणारा पोरगा उभा करणाऱ्या शरद गोयेकरला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ पदार्पणाच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी गौरवला गेला, आणि जब्या झालेला सोमनाथ अवघडे बालकलाकार म्हणून दिल्लीला गेला. या मुलांनी अभिनयाच्या शाळेचं तोंडही पाहिलेलं नव्हतं.

निवड कशी होते

ही निवड कशी होते ते समजून घेतलं, तर पुढचा मुद्दा नीट कळतो. ज्या वर्षाचे पुरस्कार, त्या वर्षी १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात सेन्सॉर प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट निर्माता स्वतः स्पर्धेत दाखल करतो. श्याम बेनेगल यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनंतर परीक्षण दोन टप्प्यांत होऊ लागलं. आधी विभागीय मंडळं चित्रपट पाहतात आणि त्यांनी निवडलेले चित्रपट मग केंद्रीय मंडळापुढे जातात. कथापटांखेरीज माहितीपट-लघुपटांचा स्वतंत्र विभाग आहे. चित्रपटावरच्या पुस्तकाला आणि समीक्षकालाही पुरस्कार आहेत. ७० व्या पुरस्कारांपासून सुवर्णकमळासाठी ३ लाख, रजतकमळासाठी २ लाख आणि दादासाहेब फाळके पुरस्कारासाठी १५ लाख रुपये दिले जातात.

या नियमांत एक गोष्ट नाही. चित्रपट चित्रपटगृहात लागलाच पाहिजे, लोकांनी तो पाहिलाच पाहिजे, अशी अट नाही. गुणवत्तेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. वितरकाच्या मर्जीवर कलेचं मोल ठरू नये. परंतु त्याचा दुसरा परिणाम असा की दोन परीक्षक मंडळं, काही महोत्सव आणि दिल्लीतलं एक सभागृह एवढ्यांनी पाहिलेला चित्रपटही ‘देशातला सर्वोत्तम’ ठरू शकतो. ज्या तालुक्यात तो घडतो, तिथल्या कुणी तो पाहिलेला असेलच असं नाही.

समारंभाच्या मानापानाकडे मात्र सगळ्यांचं लक्ष असतं. ३ मे हा फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली प्रदर्शित झाला तो दिवस. २०१८ साली त्याच दिवशी विज्ञान भवनात ६५ वा सोहळा होता. राष्ट्रपती फक्त अकराच पुरस्कार स्वतः देणार आणि बाकीचे मंत्री देणार, हे आदल्या दिवशी कळलं, आणि पन्नासहून अधिक विजेत्यांनी सोहळ्यावर बहिष्कार टाकला. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आयुष्यात एकदाच मिळणारा मान राष्ट्रपतींच्या हातून मिळेल असं त्यांना आधी कळवलेलं होतं. पण पुरस्कार कुणाच्या हातून मिळाला यावर देशभर जितकी चर्चा झाली, तितकी तो चित्रपट कुणी पाहिला यावर आजवर कधीच झालेली नाही.

बुलढाण्याच्या लताबाई

या जिल्ह्याचा त्या मंचाशी आलेला सगळ्यात थेट संबंध लता भगवान करे यांचा. पोटासाठी बुलढाणा जिल्हा सोडून बारामतीकडे मजुरीला गेलेल्या कुटुंबातल्या या बाई. साठी ओलांडलेली. नवऱ्याच्या आजारपणात तपासणीला पैसे लागणार होते आणि घरात ते नव्हते. बारामतीला ज्येष्ठांसाठी मॅरेथॉन शर्यत आहे आणि तिला रोख बक्षीस आहे, हे त्यांना कळलं. नऊवारी लुगडं नेसून त्या अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. पुढच्या वर्षांतही जिंकल्या. शर्यतीच्या मैदानावर लुगडं खोचून पळणाऱ्या त्या बाईचा फोटो तेव्हा वर्तमानपत्रांत झळकला.

तेलुगू भाषक दिग्दर्शक नवीन देशबोइना यांनी त्यावर चित्रपट केला आणि लताबाईंच्या भूमिकेत खुद्द लताबाईंनाच उभं केलं. ‘लता भगवान करे’ हा चित्रपट जानेवारी २०२० मध्ये आला. ६७ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत अभिनयासाठी लताबाईंचा विशेष उल्लेख झाला. २५ ऑक्टोबर २०२१ रोजी उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडू यांच्या हस्ते झालेल्या त्या सोहळ्यात रजनीकांत यांना फाळके पुरस्कार मिळाला. एका टोकाला देशातला सगळ्यात मोठा नट आणि दुसऱ्या टोकाला बुलढाण्यातून मजुरीला गेलेली बाई, असा तो सोहळा होता.

एक तपशील मात्र नोंदवायलाच हवा. विशेष उल्लेखाला प्रमाणपत्र मिळतं, रोख रक्कम नसते. बारामतीच्या शर्यतीने लताबाईंना पैसे दिले. राष्ट्रीय सन्मानाने मान दिला. दोन्हींची आपापली किंमत आहे. पण ज्या बाईने गरजेपोटी धावून बक्षीस मिळवलं, तिच्या बाबतीत नुसत्या प्रमाणपत्राकडे पाहताना जरा थांबावं लागतं.

बातमीचा मान

चित्रपटाइतकीच पत्रकारितेची कसोटीही वऱ्हाडात लागली. २००६ साली मुंबईत लॅक्मे फॅशन वीक झाला, त्याला पाचशेहून अधिक पत्रकार हजर होते. तिथे सुती कपड्यांची वाहवा होत होती आणि त्याच आठवड्यात विदर्भातले कापूस उत्पादक जीव देत होते. ते कळवायला बाहेरचे पत्रकार जेमतेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आले होते. ही तफावत पत्रकार पी. साईनाथ यांनी देशापुढे मांडली. त्याच वर्षी पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि १ जुलैला ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर झालं. त्यात अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, वर्ध्यासोबत बुलढाणा जिल्हाही होता. सातत्याने होणाऱ्या बातमीदारीने सरकारला हलवलं, याचं हे ठळक उदाहरण. पॅकेजचं पुढे काय झालं, ते वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

साईनाथांना २००७ साली रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००९ साली केंद्राने देऊ केलेला पद्मभूषण मात्र त्यांनी नाकारला. ज्या सरकारच्या कामाची आपण बातमी करतो आणि चिकित्सा करतो, त्याच्याकडून पत्रकाराने पुरस्कार घेऊ नये, अशी त्यांची भूमिका होती. त्याच वर्षी दीपा भाटिया यांचा ‘नीरोज गेस्ट्स’ हा माहितीपट आला. विदर्भातल्या आत्महत्यांकडे देश कसा पाहतो, हेच त्याचं सूत्र.

पत्रकारितेसाठी खासगी पातळीवर रामनाथ गोएंका पुरस्कार २००६ पासून दिले जाऊ लागले. त्यात छापील आणि प्रसारण माध्यमं दोन्ही आहेत, प्रादेशिक भाषा आहेत आणि दुर्लक्षित भारत समोर आणणाऱ्या कामासाठी वेगळा विभाग आहे. हा विभाग महत्त्वाचा, कारण गावातली बातमी सगळ्यात आधी ज्याला कळते तो तालुक्याचा वार्ताहर असतो. तो बहुधा मानधनावर काम करतो, पोटासाठी शेती किंवा दुकान सांभाळतो आणि जाहिरातीही त्यालाच गोळा कराव्या लागतात. दिवाळीत जिल्हा पुरवणीच्या जाहिरातींचं उद्दिष्ट त्याच्या गळ्यात असतं. अशा माणसाने सावकाराविरुद्ध किंवा बाजार समितीविरुद्ध बातमी दिली, तर त्याचं मोल वातानुकूलित स्टुडिओतल्या चर्चेपेक्षा किती जास्त असतं, ते तालुक्यात राहणाऱ्यालाच कळतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. ‘आमची माती आमची माणसं’सारखा कार्यक्रम वर्षानुवर्षं शेतकऱ्याशी त्याच्या कामाच्या भाषेत बोलला. प्रसारणाच्या इतिहासात या कामाची नोंद पुरस्कारांच्या यादीपेक्षा शेतकऱ्यांच्या आठवणीत जास्त सापडते.

पडदा परत आणण्याचं काम

एकेकाळी सिनेमा गावापर्यंत येत होता. जत्रेत तंबू ठोकायचा, ट्रकमधून प्रोजेक्टर उतरायचा आणि रात्रभर खेळ चालायचे. महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजच्या शेवटच्या काळावर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. कान महोत्सवात त्याची दखल घेतली गेली आणि ६४ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. विसंगती अशी की, गावात सिनेमा पोचवणाऱ्या माणसांवरचा हा चित्रपटही गावात फारसा पोचलेला नाही. दूरदर्शन ऐंशीच्या दशकात रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतले गाजलेले चित्रपट दाखवत असे. ती खिडकीही कालांतराने बंद झाली.

तिकडे पुरस्कारांचा ओघ चालूच आहे. १ ऑगस्ट २०२५ रोजी ७१ वे पुरस्कार जाहीर झाले. सुजय डहाके यांचा नवा ‘श्यामची आई’ सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला, ‘नाळ २’ सर्वोत्कृष्ट बालचित्रपट ठरला आणि मराठीतल्या अनेक बालकलाकारांनी बाजी मारली. यातल्या किती चित्रपटांचे खेळ चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा इथल्या शाळकरी पोरांपर्यंत गेले, हा प्रश्न आपण विचारायला हवा.

माझं म्हणणं एवढंच आहे: सन्मानाबरोबर दाखवण्याची जबाबदारीही जोडली जावी. पुरस्कारप्राप्त चित्रपट ज्या भाषेतला, ज्या जिल्ह्यातला, तिथे ठरावीक मुदतीत त्याचे जाहीर खेळ व्हावेत आणि त्याचा खर्च पुरस्काराच्या तरतुदीतून व्हावा. कलावंतांचा त्याला विरोध होणार नाही. प्रेक्षक मिळावा ही त्यांचीच इच्छा असते. दूरदर्शनने मराठी पुरस्कारविजेत्यांसाठी आठवड्यातला एक ठरलेला वेळ राखावा. खेळानंतर त्या विषयावर लिहिणाऱ्या स्थानिक वार्ताहराला बोलवावं, म्हणजे बातमी आणि चित्रपट एकमेकांना पूरक ठरतील.

सरकारची वाट पाहण्याचीही गरज नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात गावोगाव वाचनालयं उभी राहिली. मुंबईत प्रभात चित्र मंडळाने १९६८ पासून चांगला सिनेमा पाहणारा प्रेक्षक घडवला. या दोन्ही परंपरा एकत्र आल्या, तर तालुक्याच्या वाचनालयात महिन्याला एक खेळ अशक्य नाही. एक प्रोजेक्टर, एक भिंत आणि निर्मात्याची परवानगी एवढंच लागतं.

म्हणून बुलढाणा जिल्ह्यातल्या वाचनालयांना, शाळांना आणि ग्रामपंचायतींना एक विनंती. येत्या वर्षात दोन खेळ लावा: अमडापूरला ‘बारोमास’ आणि जिल्ह्यात कुठेही ‘लता भगवान करे’. पाहून झाल्यावर त्यातलं खरं किती आणि खोटं किती, हे इथल्याच माणसांना ठरवू द्या. दिल्लीच्या परीक्षक मंडळाचा निकाल लागून गेला आहे. आता इथल्या प्रेक्षकांचा निकाल लागायला हवा.