आरटी-पीसीआर पॉझिटिव्ह आहे, म्हणजे संसर्ग पसरतोच का?

कोरोना होऊन तीन आठवडे झाले. ताप नाही, खोकला नाही, तरीही आरटी-पीसीआरचा अहवाल पॉझिटिव्ह. मग घरच्यांपासून अजूनही लांब राहायचं का? साथीच्या काळात हा प्रश्न अनेक घरांत पडला होता.

चाचणी नेमकं काय शोधते?

नाका-घशातल्या नमुन्यात विषाणूच्या आरएनएचे तुकडे आहेत का, एवढंच ही चाचणी पाहते. आरएनएपासून डीएनए तयार करून त्याच्या प्रती काढल्या जातात. दर फेरीत प्रती साधारण दुप्पट होतात. ज्या फेरीला यंत्राला विषाणूचा माग लागतो, तो आकडा म्हणजे सीटी व्हॅल्यू. आकडा जितका लहान, तितका नमुन्यात आरएनए जास्त. सीटी 18 आणि 28 यांत फरक दहा फेऱ्यांचा, पण आरएनएच्या प्रमाणात तो सुमारे हजारपट असतो.

आरएनए सापडला म्हणजे विषाणू जिवंत आहे का?

तसं नाही. निकामी विषाणूचे अवशेष शरीरात कित्येक आठवडे राहू शकतात. विषाणू जिवंत आहे का, हे प्रयोगशाळेत पेशींवर वाढवूनच कळतं. 2020 मध्ये जर्मनीतल्या म्युनिक इथल्या नऊ रुग्णांच्या अभ्यासात, लक्षणांच्या आठव्या दिवसानंतरच्या नमुन्यांत आरएनए भरपूर होता, पण जिवंत विषाणू वाढवता आला नाही.

मग सीटी मोठी असेल तर निर्धास्त राहावं का?

नाही. संसर्गाच्या अगदी सुरुवातीलाही सीटी मोठी येते आणि दोन दिवसांत ती झपाट्याने खाली येऊ शकते. स्वॅब नीट घेतला नाही किंवा किट बदललं, तरी आकडा बदलतो. म्हणूनच सीटीची मर्यादा 35 वरून 24 वर आणावी का, या महाराष्ट्राच्या विचारणेला 2021 मध्ये आयसीएमआरने नकार दिला. तसं केल्यास संसर्ग पसरवू शकणारे अनेक रुग्ण निसटतील, असं कारण देण्यात आलं.

त्यामुळे एकट्या आकड्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. लक्षणं कधी सुरू झाली, ताप कधी उतरला, प्रतिकारशक्ती कमी आहे का, हेही पाहावं लागतं. तिसऱ्या आठवड्यातली सीटी 34 आणि बाधित व्यक्तीच्या संपर्कानंतर तिसऱ्या दिवशीची सीटी 34, यांचा अर्थ वेगळा असतो. पहिली बहुधा सरत्या आजाराची खूण असते, तर दुसरी वाढत्या संसर्गाची असू शकते.